डबल बेल

२ मार्च, सोमवार
हिगाशी-कसाई, टोकियो

मी हरवले नव्हते. हे आधी लिहून ठेवते, कारण या घरात गेले दहा दिवस ‘आई हरवली त्या दिवशी’ अशी कालगणनाच सुरू झाली आहे. झालं होतं एवढंच, की मी कोथिंबीर आणायला निघाले, स्टेशनपाशी बस उभी दिसली, पुढची खिडकी मोकळी होती, बसले. नव्या गावाची ओळख करून घ्यायची तर बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जावं आणि परत यावं, हे मी सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून शिकले. फुनाबोरीला उतरून वेळापत्रकाचा बोर्ड वाचत होते. अक्षरं कळत नव्हती, पण आकडे कुठेही आकडेच. अर्धा तास एका जागी उभी राहिले म्हणून एक पोलीस आला आणि हसत, वाकत मला चौकीत घेऊन गेला. चौकीला इथे कोबान म्हणतात. मोबाइल मी घरी विसरले होते, पर्समधल्या चिठ्ठीवर मयूरेशचा नंबर होता. लेक ऑफिसची मीटिंग सोडून आला, पोलिसांपुढे दहा वेळा वाकला आणि माझा हात धरून मला घरी घेऊन आला.

आज शमाचा मिरजेहून फोन आला. शमा आणि मी एकाच महिन्यात निवृत्त झालो. जन्मभर लोकांना गावोगाव पोचवलं, आता ज्यांना कुणी कुठे नेलं नाही अशा बायकांना आपण नेऊ, स्वस्तात आणि नीट, असं आमचं ठरलंय. पहिली सहल अठरा एप्रिलला, हंपी-बदामी. शमा म्हणाली, “कल्पना, बावीस झाल्या गं. विट्याची एक तर म्हणते, मी माहेर सोडून दुसरं गावच बघितलं नाही.”

मयूरेशने ते ऐकलं. “आई, तू फुनाबोरीत हरवतेस आणि बावीस बायकांना हंपीला नेणार? शमामावशीला सांग, कॅन्सल कर.”

मी हरवले नव्हते, असं मी म्हणाले. तो म्हणाला, “आई, प्लीज.” सूनबाई मिताली ओट्यापाशी भांडी विसळत होती. ती घरूनच काम करते, कानाला सदा हेडफोन. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

खरं लिहायचं तर कोबानात त्या खुर्चीवर बसले होते तेव्हा क्षणभर मलाही वाटलं होतं, की बाई, संपलं तुझं.

५ मार्च, गुरुवार

दुपारी ओजस्वी शाळेतून आली. नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारायचं, तिने जपानीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. तिच्या मैत्रिणी मला बघून खुदखुदतात. का, ते आज कळलं. ‘आजी’ म्हणजे इथे एक मासा असतो म्हणे, बांगड्याच्या भावकीतला. मी जन्मात मासा खाल्ला नाही आणि इथे येऊन मासा झाले.

तिला माझा तिकिटाला भोक पाडायचा पंच दाखवला. तिकिटाची मशिनं आली तेव्हा डेपोत पंच जमा करून घेतले, पण हा आधीचा, माझा स्वतःचा. तिला सांगितलं, कंडक्टरने एक बेल दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. तुझे आजोबा ड्रायव्हर होते. आमची सहा वर्षं एकच ड्यूटी होती, मिरज-जत. माझी डबल बेल पडल्याशिवाय त्यांनी कधी गिअर टाकला नाही. आरशातून मागे बघत राहायचे. घरातसुद्धा कुठे निघायचं झालं की चपला घालून दारात उभे, आणि मी ताटावर चमचा दोनदा वाजवायचा. नंदकिशोर जाऊन अकरा वर्षं झाली. ओजूने पंचाने टेबलाच्या कडेवर टण टण करून पाहिलं. मिताली पलीकडे लॅपटॉपपुढे होती, तिला हेडफोनमधून कुठलं ऐकू येतंय.

जेवताना तीच अचानक म्हणाली, “आई, तुम्हाला हिरोशिमा बघायचंय म्हणाला होतात ना?”

म्हणाले होते, आल्या आल्या. सांगलीचा महापूर ओसरला तेव्हा चिखलातून पहिली जी गाडी निघाली तिच्यात मी होते. एवढ्याशा पाण्याने आम्हाला महिनाभर लोळवलं. ज्या गावाचं एका सकाळी होत्याचं नव्हतं झालं ते उठून उभं कसं राहिलं, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

मयूरेश म्हणाला, “मेमध्ये बुलेट ट्रेनने सगळेच जाऊ.” मिताली म्हणाली, “मेमध्ये आई इथे नाहीत. त्यांना एकट्यांना जाऊ दे. साध्या गाड्यांचं पाच दिवसांचं स्वस्त तिकीट मिळतं. स्टुडंट्स जातात त्याने.”

पाच दिवस घर मोकळं मिळेल, असा विचार असावा. असो. मयूरेश पुष्कळ चिडला, मग चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाला, “ठीक आहे. मदतीसाठी एकही फोन न करता जाऊन आलीस तर हंपीबद्दल मी परत तोंड उघडणार नाही. पण एक जरी फोन आला, तर शमामावशीला तू स्वतः नाही म्हणून कळवायचं.”

मी हो म्हणाले.

९ मार्च, सोमवार

उद्या निघायचं. मितालीने स्टेशनांची नावं मराठीत लिहून दिली, कुठे गाडी बदलायची त्या खुणा केल्या. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या मी बांधल्या. तिने एक पोस्टकार्डाएवढा जाड कागद दिला, त्यावर जपानी मजकूर. अक्षर ओजूचं. लिहिताना तोंडावर हात ठेवून हसत होती. खाली वांगं काढलंय.

“हे काय?” मी विचारलं.

“तुम्ही शाकाहारी आहात ते लिहिलंय,” मिताली म्हणाली. “अडलं तर दाखवा.”

शाकाहारी म्हणायला इतक्या ओळी लागतात? भाषाच लांबलचक दिसते. मग तिने माझा मोबाइल मागून घेतला, काहीतरी सेटिंग केलं आणि परत दिला. मयूरेशने त्यात मी कुठे आहे ते त्याला दिसेल अशी सोय केली आहे. तीच तपासत असणार. मला बांधून सोडतायत, गुरासारखं.

१० मार्च, मंगळवार
हिमेजी

सात गाड्या बदलल्या. सात. एकही चुकली नाही.

तिकिटाची तेवढी नाराजी आहे. यंत्राच्या एका फटीत घालायचं, दुसऱ्या फटीतून बाहेर येतं, की झालं. पंच नाही, कुणी हातात घेऊन बघत नाही. पण गाड्या अशा वेळेवर, की मला आमच्या डेपोच्या वतीने लाज वाटली. दर स्टेशनावर कंडक्टर अर्धा बाहेर वाकून आधी बोट दाखवतो आणि मग बोलतो, सगळं ठीक. कुणी बघत नसलं तरी. एका स्टेशनावर मीही बोट दाखवून “सगळं ठीक” म्हणाले. समोरच्या आजोबांनी पेपर वर केला.

ओगाकी नावाच्या स्टेशनावर मात्र जीव सुखावला. समोरच्या गाडीत जागा धरायला लोक धावतात. जपानी लोक, धावतात! मीही धावले. खिडकी मिळाली. रुमाल टाकायची गरज पडली नाही.

संध्याकाळी कोनबिनीत, म्हणजे सदा उघडं असतं त्या दुकानात, भाताचा गोळा घ्यायला गेले. आत मासा आहे का कळेना म्हणून कार्ड दाखवलं. काउंटरवरच्या मुलीने ते वाचलं, दोन्ही हातांनी परत दिलं आणि अशी वाकली की मी मागे वळून पाहिलं, कोण मोठं माणूस आलंय म्हणून. मग आंबट आलुबुखारवाला गोळा दाखवून ती बाजूला उभी राहिली. शाकाहाराला इथे बराच मान दिसतो.

मयूरेशचा फोन नाही, मेसेज नाही. पैज म्हणजे पैज. तरी एकदा विचारायला हरकत नव्हती.

११ मार्च, बुधवार
हिरोशिमा

सकाळी चुकले. इथे लिहायला लाज कसली, चुकलेच. आयोइ नावाच्या स्टेशनावर दोन गाड्या होत्या, बोलण्याच्या नादात (स्वतःशीच) भलतीत बसले. वीस मिनिटांनी आको नावाच्या गावी सगळे उतरले, दिवे गेले, मी एकटी. मितालीच्या कागदावर आको नव्हतंच.

फलाटावरच्या बाकावर बसले. फोन हातात घेतला. मयूरेशचं नाव समोर आणलं. मला बावीस बायका दिसत होत्या, पिशव्या घेऊन मिरज स्टेशनवर उभ्या. विट्याच्या त्या बाईचं नावही मला माहीत नाही. दहा मिनिटं तशीच बसले. मग फोन पिशवीच्या तळाशी घातला, वर चटणीचा डबा ठेवला आणि स्टेशनमास्तरच्या खिडकीशी गेले.

तिकीट पुढे केलं, त्याला चिकटून ते कार्डही गेलं. मी “नो, नो, फूड” म्हणेपर्यंत त्याने ते वाचून टाकलं. तरुण माणूस. टोपी सरळ केली आणि मला चक्क सॅल्यूट ठोकला. वाटलं, आता हात धरून नेईल त्या पोलिसासारखा. पण त्याने आतून नकाशा आणि वेळापत्रक आणलं, माझ्यापुढे उलगडलं, आणि एक पाऊल मागे सरून हात पाठीशी बांधून उभा राहिला. मी बोट फिरवत गेले. आकोवरूनही एक फाटा समुद्राच्या बाजूने ओकायामाला जातो. चुकीची गाडी बरोबर गावाला! पुढची एका तासाने. मी त्या आकड्यावर बोट ठेवलं, त्याने मान हलवली. मदत केली नाही, नकाशा दिला. मला हे फार आवडलं. फक्त त्याचा आणि शाकाहाराचा काय संबंध ते कळलं नाही.

दुपारी हिरोशिमात उतरले. मुक्कामाला आठ खाटांची एक खोली आहे, मला वरची खाट मिळाली. शिडी चढले.

नदीकाठचा तो मोडका घुमट पाहिला. संग्रहालयात गेले. एका मुलाचा जेवणाचा डबा आहे, आतलं अन्न कोळसा झालेलं. आईने सकाळी भरून दिलेला. मी तिथे रडले, सरळ उभ्या उभ्या रडले, शेजारची एक गोरी बाईही रडत होती. बाहेर आले तर बागेत एक झाड. त्याचा बुंधा एका बाजूने जळून पोकळ झालाय, उरलेल्या बाजूवर ते ऐंशी वर्षं उभं आहे. अजून पानं यायची होती, पण डोळे फुटले होते. पलीकडून रस्त्याने ट्राम गेली, आत लोक मोबाइल बघत होते, एक बाई डुलक्या घेत होती. मला त्या डुलकीचं अप्रूप वाटलं. या जमिनीवर कुणी निर्धास्त डुलकी घेतंय.

संध्याकाळी पोळ्यासारखा एक प्रकार खायला गेले, तव्यावर कोबी, शेवया. कार्ड दाखवलं. तव्यामागच्या म्हाताऱ्याने वाचलं, बायकोला बोलावून वाचायला दिलं, दोघं माझ्याकडे बघत राहिले. अंडं, मांस सगळं वगळून केलं आणि वर कोबी दुप्पट घातला.

१२ मार्च, गुरुवार
हिरोशिमा

काय दिवस गेला! क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम येईल.

सकाळी बोटीने समोरच्या बेटावर गेले, तिकिटात बोटही येते. पाण्यातली लाल कमान पाहिली. परत येताना बाजारातून चालले होते तर मागून हाक आली, “काकी! काकी!” मिरज डेपोत झाडून सगळे मला काकी म्हणायचे. मी गर्रकन वळून “काय रे?” म्हणाले. तर एक माणूस चिमट्यात भाजलेलं कालव धरून उभा. कालवाला इथे काकी म्हणतात. घरी आजी म्हणून मासा, बाजारात काकी म्हणून कालव. या देशाने मला शाकाहारी राहू द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. मी “काय रे” म्हटल्यावर तो गिऱ्हाईक समजून लिंबू पिळायला लागला. घाईने कार्ड काढलं. त्याने वाचलं, कालव खाली ठेवलं, आणि दुकानातून दोन संत्री आणून माझ्या ओंजळीत घातली. मला वाटलं, याचा शाकाहाराबद्दलचा आदर जरा जास्तच आहे.

दुपारी शहरात ट्राम धरली. जुनी, एकाच डब्याची, खाली लाकडी फळ्या. ड्रायव्हर एकटाच. मी दाराशेजारच्या दांड्याला धरून उभी होते. बसायला जागा होती, पण चालत्या गाडीत मला उभंच बरं वाटतं. पंच स्वेटरच्या खिशात होता, हात त्यावर.

एका थांब्यावर चार-पाच जण उतरले, दोन चढले. समोर एक खूप म्हातारी बाई, पुढ्यात चाकांची पिशवी. तिचे डोळे खिडकीबाहेर गेले, ती अर्धी उठली, पिशवीचं चाक बाकाच्या पायात अडकलं. तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. इथले लोक मोठ्याने बोलायला मरणाचे लाजतात. ड्रायव्हरला ती दिसणं शक्य नव्हतं, मध्ये माणसं. दार लागलं. चाक आता हलणार.

मी विचार केला नाही. हात केव्हा बाहेर आला मला माहीत नाही. पंच दांड्यावर पडला. टण.

एक बेल.

ट्राम हलली नाही. ड्रायव्हरने मान वळवली. मी म्हातारीकडे बोट दाखवून मराठीत म्हणाले, “उतरणार आहेत.” दार उघडलं. चाक मी सोडवलं, बाईंना दंडाला आधार देऊन खाली उतरवलं, पिशवी मागून दिली. सव्वीस वर्षं दुसरं केलंय काय. ती फलाटावर उभी राहून वाकली, मी दारातून वाकले, ती परत वाकली. असं तीनदा झाल्यावर मी आत आले.

दार लागलं. पण गाडी सुटेना. बघते तर ड्रायव्हर आरशातून मागे माझ्याकडे बघतोय. पन्नाशीचा, कानाशी पांढरे केस. वाट बघतोय.

अकरा वर्षांनी कुणीतरी आरशात बघून माझी वाट बघत होतं. मी डबा नजरेने तपासला, दार तपासलं, आणि दांड्यावर टण टण, डबल बेल दिली.

त्याने टोपीला हात लावला आणि ट्राम सोडली. सगळा डबा हसला, मला नव्हे, माझ्यासोबत. मग मी पंच मुठीत धरून मोकळ्या बाकावर बसले.

शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, सत्तरीच्या, गळ्यात गाइडचा बिल्ला. मिएको त्यांचं नाव. इंग्रजीत म्हणाल्या, बेल कुठे शिकलात? माझं इंग्रजी तिकिटापुरतं. जपानीतली एकच वस्तू माझ्याकडे होती, ती पुढे केली. त्यांनी कार्ड वाचलं. मग मोबाइल काढला, कार्डावर धरला, बटण दाबलं, आणि मोबाइल मराठी बोलायला लागला. यंत्राचं मराठी ते, पण शब्द न् शब्द कळला. मी त्यांना पुन्हा दोनदा लावायला सांगून उतरवून घेतलं:

“ही व्यक्ती माझ्या पतीची आई आहे. ती मांस, मासे, अंडी खात नाही. ती भारतात सव्वीस वर्षे बसची कंडक्टर होती. लाखो लोकांना तिने योग्य ठिकाणी उतरवले. मार्ग ती स्वतः शोधू शकते. कृपया तिला नकाशा आणि वेळापत्रक दाखवा. कृपया तिचा हात धरून नेऊ नका. सून, मिताली.”

आणि खाली वांगं.

कोनबिनीतली मुलगी, आकोचा सॅल्यूट, दुप्पट कोबी, संत्री. शाकाहाराला मान म्हणे! इतकी वर्षं माणसं ओळखायचा धंदा केला, कोण विनातिकीट आहे ते चेहऱ्यावरून सांगायची मी, आणि घरातलं माणूस मला ओळखता आलं नाही.

मग त्याच मोबाइलमधून आमचं बोलणं झालं. मिएकोसानची (सान म्हणजे आपलं ‘बाई’) आई चौदाव्या वर्षी याच गावात ट्रामवर कंडक्टर होती. पुरुष लढाईवर गेले तेव्हा शाळेच्या मुलींनी ट्रामी चालवल्या. एक बेल थांबा, दोन बेल चला. तेच, अगदी तेच. बॉम्ब पडल्यावर तीन दिवसांनी थोड्याशा रुळावरून पहिली ट्राम सोडली, तेव्हा आई डब्यात होती. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात. इथे तेवढ्या दिवसांत त्यांनी राखेतून रूळ सावडले. मी विचारलं, तिकीट? मिएकोसान म्हणाल्या, आई सांगायची, त्या दिवशी तिने कुणाकडेच तिकीट मागितलं नाही. लोक आत येऊन नुसते बसले. कुठे जायचं ते बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. त्यांना फक्त काहीतरी चालू झालेलं बघायचं होतं.

चौदा वर्षांची पोर. मी विचारत होते ना, हे गाव उठलं कसं. असं उठलं.

मिएकोसानना माझा पंच हातात घ्यायचा होता. दिला. त्यांनी तो कानाशी नेऊन दोनदा दाबला, मग डोळे पुसून मला परत दिला.

१३ मार्च, शुक्रवार
माइबारा

परतीचा अर्धा रस्ता झाला. शमाला फोन केला. मदतीसाठी नव्हे, बढाईसाठी, म्हणजे पैजेत बसतो. ट्रामची गोष्ट सांगितली तर ती आधी हसली, मग म्हणाली, “नंदूभाऊंना सांगायला हवं होतं गं.” मग तिने विचारलं, “आणि सून कशी आहे?”

“कामापुरतं बोलते,” मी म्हणाले. “पण काम फार मोठं करते.”

१४ मार्च, शनिवार
हिगाशी-कसाई

आले. मदतीचा एकही फोन न करता आले.

सहज नाही आले. शिझुओकाच्या अलीकडे वाऱ्यामुळे गाड्या थांबल्या. माझं तिकीट आजच संपणार होतं. फलाटावर सगळे शांतपणे उभे, बोर्डाकडे बघत. माझ्यासारखंच तिकीट घेतलेल्या दोन जपानी आज्या कागद उलटेपालटे करत होत्या. मी आकडे वाचले. पलीकडच्या फलाटावरची पुढल्या मोठ्या स्टेशनापर्यंत जाणारी गाडी आधी सुटेल असं दिसत होतं, कारण तिचा कंडक्टर हातमोजे चढवत होता. हातमोजे चढवले की गाडी सुटते, ही खूण पाच दिवसांत शिकले. मी दोघींना खुणेने चला म्हटलं, त्या निमूट माझ्यामागे आल्या, त्यांच्यामागे आणखी सहा जण आले. आठ जण घेऊन मी जिना चढले, उतरले, गाडीत बसवले, मोजले. दोन मिनिटांनी सुटली. आज्यांनी मला अतामीपर्यंत बिस्किटं खिलवली.

कसाई स्टेशनच्या फाटकापाशी मयूरेश उभा होता, मागे मिताली आणि ओजू. ओजू म्हणाली, अडीच तास उभा होता. त्याने पिशवी घेतली आणि लहानपणी यात्रेत माझा हात सुटला होता तेव्हा बिलगला होता, तसाच बिलगला. “पाच दिवस तुझं लोकेशन दिसत नव्हतं,” तो म्हणाला. “मी वेडा झालो होतो. मिताली म्हणत होती नेटवर्क असेल, नेटवर्क असेल. तिने मला शपथ घातली होती, फोन करायचा नाही म्हणून.”

मी मितालीकडे पाहिलं. ती ओजूच्या सॅकचा पट्टा नीट करत होती. पट्टा नीटच होता.

१५ मार्च, रविवार

सकाळी चहाला सगळे होते. मयूरेश म्हणाला, “आई, मी शब्दाला पक्का आहे. ने बावीस जणींना.” जरा थांबून म्हणाला, “आणि तू फुनाबोरीत हरवली नव्हतीस. मीच घाबरलो होतो. बाबा गेल्यापासून तुझा फोन लागला नाही की मला घाम फुटतो.”

हे मला कधी सुचलंच नव्हतं. माझं पोरगं एवढं मोठं, आणि भीती कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने फिरवू दिला.

मग कार्ड काढून मितालीपुढे ठेवलं. कोपरे दुमडले होते, वांग्यावर कालवाच्या लिंबाचा डाग.

“उपयोग झाला?” तिने विचारलं.

“झाला की. शाकाहाराला तुमच्या जपानात फार मान आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं की मला कळलं. तिचे डोळे भरले आणि ती हेडफोन शोधायला लागली, तो गळ्यातच होता.

“मिताली,” मी म्हणाले, “कंडक्टरला कंडक्टर म्हणून ओळखणारी तूच.”

“आई, मी पाच वर्षं या घरात हेडफोन लावून बसते,” ती म्हणाली. “निम्म्या वेळेला त्यात काही चालू नसतं. तुमच्या गोष्टी आवडतात मला. मला एकटीला कधी कुणी कुठे पाठवलं नाही. घरातून कॉलेज, कॉलेजातून ऑफिस, ऑफिसातून लग्न, लग्नातून विमान.” मग टेबलाकडे बघत, कामापुरतंच बोलावं तशी म्हणाली, “अठरा एप्रिलला सुट्टी टाकलीय. बावीसच्या तेवीस होतील का?”

मयूरेशचा चहा तसाच हातात राहिला. मी म्हणाले, “पुढची खिडकी मिळणार नाही. ती विट्याच्या बाईला आहे.”

“मागची चालेल.”

पंच चहाच्या कपाशेजारी पडला होता. मितालीने तो उचलला, हातात तोलून पाहिला, आणि टेबलाच्या कडेवर वाजवला. टण टण.

“हे काय?” मयूरेश म्हणाला.

ओजूने दुधाचा पेला खाली ठेवला आणि मराठीत, माझ्या मिरजेच्या मराठीत सांगितलं, “बाबा, गाडी सुटली.”